चिऱ्यांच्या घरात वायफाय: राउटर घेण्याआधी आणि घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिपळूणजवळच्या एका गावात चिऱ्यांचं (जांभ्या दगडाचं) जुनं घर. खाली ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि वर माळ्यावर दोन खोल्या. शंभर एमबीपीएसचं फायबर घेतलंय, कंपनीने दिलेला डबा (मोडेम आणि वायफाय राउटर एकत्र) ओटीवर दाराशेजारी लावलाय. प्रश्न विचारणारे पुण्यातल्या ऑफिसचं काम माळ्यावर बसून करतात. दुपारच्या मीटिंगमध्ये आवाज तुटतो, कधी दोन-तीन मिनिटं सगळंच जातं. दुकानदाराने सहा अँटेनांचा राउटर दाखवलाय. तीन-साडेतीन हजारांत भरवशाचा राउटर कुठला घ्यावा, असं त्यांना विचारायचंय.

मी २००८ पासून रत्नागिरी जिल्ह्यात हेच काम करतोय. आधी टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट, मग केबलवाल्यांचं, आता फायबर. त्यामुळे तुमचं घर न बघताही बरंचसं डोळ्यांसमोर येतं. तुम्ही ‘फास्ट’ न म्हणता ‘भरवशाचा’ म्हणालात, ते मला फार बरं वाटलं. घरून काम करणाऱ्याला दोनशेचा वेग आणि दिवसातून चार वेळा तुटणं यापेक्षा चाळीसचा वेग आणि आठ तास अखंड चालणं जास्त मोलाचं. व्हिडिओ मीटिंगला तीन-चार एमबीपीएस पुरतात. म्हणजे तुमच्याकडे वेग गरजेच्या कितीतरी पट आहे. वेग कमी पडत नाहीये, मधेच काहीतरी सुटतंय.

उत्तर आधीच सांगून टाकतो. दोन्ही पट्ट्यांचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ), गिगाबिट पोर्टांचा (वायर जोडायच्या, हजार एमबीपीएसपर्यंतच्या खाचांचा), वायफाय ६ चा साधा राउटर तुम्हाला पुरेल आणि तुमच्या पैशांत किंवा थोडे वर घालून मिळेल. पण तो जुन्या डब्याच्या जागी ओटीवर लावलात, तर मीटिंग तशीच तुटत राहील अशी मला दाट शंका आहे. म्हणून राउटरचं बोलण्याआधी बाकीचं बोलू.

इंटरनेट तुटतं तेव्हा दोष चार ठिकाणी असू शकतो: बाहेरून येणारी लाइन, वीज, भिंती, किंवा राउटर स्वतः. लोक चौथ्यावर पैसे खर्च करतात आणि दोष बहुतेक वेळा पहिल्या तिघांत निघतो. कुठे आहे ते शोधायला काही विकत घ्यावं लागत नाही. लॅपटॉपवर कमांडची काळी खिडकी उघडा आणि राउटरच्या पत्त्याला अखंड पिंग लावा, म्हणजे तिकडून उत्तर किती वेळात येतं ते सतत मोजलं जाईल. हा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, डब्याच्या पाठीवर छापलेला सापडेल. विंडोजमध्ये पत्त्यानंतर उणे चिन्ह आणि टी हे अक्षर दिलं की पिंग चालूच राहतं. शेजारी दुसरी खिडकी उघडून तिथे ८.८.८.८ ला (हा बाहेरच्या इंटरनेटवरचा, गूगलचा पत्ता) तसंच पिंग लावा. मग नेहमीसारखं कामाला बसा, आणि मीटिंग तुटली की त्या क्षणी दोन्ही खिडक्यांकडे बघा.

पहिल्या खिडकीतले आकडे एरवी दोन-पाच मिलिसेकंद असतात. ते तीनशे-चारशेवर उड्या मारू लागले किंवा उत्तर येणंच थांबलं, तर गडबड तुमच्या लॅपटॉप आणि डब्यादरम्यान आहे. म्हणजे भिंत, अंतर किंवा डबा. पहिली खिडकी शांत आणि दुसरीच बिघडली, तर लाइन दोषी आहे, आणि जगातला सर्वांत महाग राउटर आणलात तरी उपयोग नाही. दोन्ही शांत असून मीटिंग तुटली, तर ऑफिसच्या व्हीपीएनकडे (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या सुरक्षित मार्गाकडे) किंवा लॅपटॉपकडे बघा. हीच तपासणी एकदा माळ्यावर, एकदा ओटीवर डब्यासमोर बसून आणि एकदा वायर थेट डब्यात लावून करा. तीन दिवस जातील, पण तीन हजार रुपये योग्य जागी लागतील.

गुहागरकडच्या एका घरी गेल्या पावसाळ्यात असंच झालं. दोन राउटर बदलून झाले होते, तिसरा खोक्यात आणून ठेवलेला. पिंग लावलं तर पहिली खिडकी एकदम शांत, दुसरी दर दहा-पंधरा मिनिटांनी मरतेय. फायबर खिडकीच्या चौकटीतून आत घेतलं होतं आणि खिडकी लावली की ते दाबलं जायचं. वाऱ्याने झडप हलली की फायबरमधून इंटरनेट घेऊन येणारा प्रकाश कमी-जास्त होत होता. भिंतीला नवं भोक पाडलं, फायबर मोठ्या वळणाने आत घेतलं, जुना राउटर परत लावला. तो आजही चालतोय.

तुमच्या डब्यावर एलओएस असं लिहिलेला लाल दिवा असेल. तो पेटला किंवा लुकलुकला म्हणजे प्रकाश पोचत नाहीये. पण दिवा न पेटताही प्रकाश कमजोर असू शकतो. डब्याच्या सेटिंगच्या पानावर (राउटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की उघडतं ते) ‘आरएक्स पॉवर’ नावाचा आकडा मिळतो, तो उणेमध्ये असतो. उणे १५ ते उणे २४ असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या आसपास असेल तर कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रारीत हा आकडा लिहा. नुसतं ‘नेट स्लो आहे’ लिहिलं की ते फोनवर रीस्टार्ट करायला सांगून मोकळे होतात. आकडा लिहिला की माणूस पाठवावा लागतो.

आता भिंती. पुण्या-मुंबईतल्या सल्ल्यांचा आपल्याकडे उपयोग का होत नाही, ते इथे समजेल. तिकडच्या नव्या फ्लॅटमध्ये आतल्या भिंती बहुधा चार इंची विटांच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या असतात. (साच्यात काँक्रीट ओतून बांधायच्या मायवन पद्धतीच्या टॉवरमध्ये सगळ्याच भिंती काँक्रीटच्या असतात, तिथे आपल्यासारखीच रड असते.) आपल्याकडे चिरा. नऊ इंच तर कमीत कमी, जुन्या घरांत पंधरा इंचांच्या भिंतीही बघितल्यात. त्यात चिरा सच्छिद्र, पावसाळाभर ओल धरून बसतो. पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. ज्या घरी मे महिन्यात माजघरापर्यंत नीट सिग्नल येतो, त्याच घरी ऑगस्टमध्ये ‘काहीतरी बिघडलंय’ म्हणून फोन येतो. काही बिघडलेलं नसतं, भिंत भिजलेली असते. म्हणून कोकणात वायफायची जागा ठरवायची तर पावसाळा डोळ्यांपुढे ठेवून ठरवावी.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ चा पट्टा वेगवान आहे आणि त्यात गर्दी कमी, पण भिंतीपुढे तो लवकर हार मानतो. २.४ चा पट्टा धिमा आहे, पण भिंतीतून जास्त आत शिरतो. चिऱ्याच्या दोन भिंतींपलीकडे ५ चा पट्टा धरून बसू नका, २.४ च तारून नेईल. गावात शेजारघर लांब असतं, त्यामुळे शहरात २.४ वर जी खेचाखेच चालते ती तुम्हाला नाही. हा तुमच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे.

तुम्ही माळा लाकडी आहे की स्लॅबचा ते लिहिलेलं नाही, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. तुळया-फळ्यांचा लाकडी माळा असेल तर लहरी वर सहज जातात. चिऱ्याच्या भिंतीतून दहा फूट आडवं जाण्यापेक्षा लाकडातून दहा फूट वर जाणं वायफायला कितीतरी सोपं. अशा घरात डबा ओटीवरून काढून माजघरात, जिन्याजवळ उंचावर आणला तरी अर्धं काम होतं. स्लॅब असेल तर त्यातल्या लोखंडी सळ्या मधे येतात आणि वर वेगळी सोय करावीच लागते. डब्याच्या आणि तुमच्या मधे लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा किंवा माशांची टाकी आहे का तेही बघा. यांतल्या एकाही वस्तूला भिंतीइतकंच मोजा.

फोनवर वायफाय मोजणारं एखादं फुकट ॲप घ्या आणि माळ्यावर नेहमीच्या खुर्चीत बसून आकडा बघा. हाही उणेमध्ये असतो. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ मीटिंग बिनघोर चालते. उणे ७५ च्या खाली गेलं की फोनवर कांड्या दिसत राहतात, पानं उघडतात, पण मीटिंग तुटते. तुमची नेमकी हीच स्थिती असावी असा माझा अंदाज आहे.

आता सहा अँटेना. खाडीपलीकडच्या देवळातला लाउडस्पीकर आपल्याला इकडे स्पष्ट ऐकू येतो, पण आपण इकडून हाक मारली तर ती तिकडे पोचत नाही. वायफाय म्हणजे दोघांचं बोलणं आहे. राउटरचा आवाज कितीही मोठा केला तरी तुमच्या लॅपटॉपला आणि फोनला उत्तर द्यायचं असतं, आणि त्यांच्या अँटेना लहान, ताकद कमी. शिवाय राउटरने किती ताकदीने बोलावं यावर सरकारी मर्यादा आहे, ती दोन अँटेनांना आणि सहा अँटेनांना सारखीच. जास्त अँटेनांचा फायदा होतो, पण एकाच खोलीत पुष्कळ उपकरणं असताना. भिंत फोडायला त्या उपयोगाच्या नाहीत. आणि अँटेना असतील तर एवढं करा: दांडीतून लहरी ताटासारख्या आडव्या पसरतात, टोकाच्या दिशेने फार कमी जातात. वरच्या मजल्यावर सिग्नल हवा असेल तर एक उभी ठेवा आणि एक आडवी पाडा.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे ते सांगतो, कारण फसगत तिथेच होते. ‘एसी१२००’ म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७, दोन्हींची बेरीज करून वर गोल केलेली. कुठल्याही एका फोनला बाराशे मिळत नाही, आणि हे आकडे कागदावरचे. त्याहून महत्त्वाची गोष्ट खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत असते, ती म्हणजे पोर्ट. टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ हे दोन्ही एसी१२०० आहेत, पण सी५० ची पोर्ट १०० एमबीपीएसची आणि सी६ ची गिगाबिट. १०० च्या पोर्टातून प्रत्यक्षात ९४-९५ च्या वर जात नाही. आज तुमची लाइन शंभरची आहे, चालून जाईल. पण राउटर पाच वर्षं राहणार आणि प्लॅन त्याआधीच वाढणार. थोड्या रुपयांसाठी १०० ची पोर्ट घेऊ नका.

वायफाय ६ घ्या म्हणतो, त्याचं कारण वेग नाही. वायफाय ५ हे फक्त ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी होतं. त्या राउटरांत २.४ च्या पट्ट्यावर २००९ चं जुनं तंत्रच चालू राहिलं. वायफाय ६ मध्ये २.४ चा पट्टाही सुधारला, आणि चिऱ्याच्या घरात आपला जीव त्याच पट्ट्यावर आहे. पण इथेही खोकं वाचा. ‘एएक्स१५००’ म्हणजे बहुतेक वेळा ३०० अधिक १२०१. हे ३०० दिसलं की २.४ वर जुनंच तंत्र आहे असं समजा. ‘एएक्स१८००’ म्हणजे ५७४ अधिक १२०१, त्यात दोन्ही पट्टे नवे. दोघांत थोडाच फरक असेल तर एएक्स१८०० घ्या. एएक्स३००० मध्ये ५ चा पट्टा आणखी रुंद होतो, तुमच्या भिंतींना त्याचा काही फायदा नाही. वायफाय ७ ची प्रमाणपत्रं २०२४ च्या जानेवारीपासून मिळू लागली. तो आज घेण्याचं तुम्हाला काहीच कारण नाही, शंभरच्या लाइनीवर ते पैसे वाया जातील. तुमचा लॅपटॉप जुना असला तरी वायफाय ६ चा राउटर त्याच्याशी जुन्या भाषेत बोलतो, त्यामुळे त्याची काळजी नको.

भरवशाच्या राउटरची खरी खूण मात्र खोक्यावर नसते. कंपनीच्या संकेतस्थळावर जा, ते मॉडेल शोधा आणि त्याचं सॉफ्टवेअर शेवटचं कधी बदललं ती तारीख बघा. दोन-तीन वर्षांत काही आलेलं नसेल तर तो राउटर कंपनीने सोडून दिलाय. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या किडीने (व्हायरससारख्या प्रोग्रॅमने) जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, मुख्यतः कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. तुमच्या राउटरमागून ऑफिसचं काम जातं, बँक जाते. डब्ल्यूपीए३ (वायफायच्या कुलपाची नवी पद्धत) असलेलाच घ्या, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन देऊन जोडायची सोय) बंद करा, आणि सेटिंगच्या पानाचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस सेंटर कुठे हे दुकानातच विचारा. बऱ्याच कंपन्या तीन वर्षं देतात, पण सेंटर कोल्हापूरला किंवा मुंबईला असेल तर बिघडल्यावर आठवडा जातो हे धरून चाला.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर आधी पिंग लावून दोष शोधा, माळ्यावरचा आकडा बघा, आणि मग गिगाबिट पोर्टांचा, शक्यतो एएक्स१८०० चा, अपडेट मिळणारा राउटर घ्या. आता तो कुठे आणि कसा लावायचा, कारण माझ्या मते तुमचा प्रश्न इथेच सुटणार आहे.

कंपनीचा डबा काढू नका. तो जिथे आहे तिथेच राहू दे, किंवा कंपनीच्या माणसाला सांगून माजघरात आणून घ्या. नवा राउटर माळ्यावर, तुमच्या कामाच्या टेबलाच्या खोलीत लावा आणि दोघांना वायरने जोडा. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असतो तो निवडा, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवेल, फोन-लॅपटॉपना नेटवर्कचे पत्ते वाटण्याचं काम जुनाच डबा करेल. तसं न करता एकामागे एक दोन राउटर चालवले की ऑफिसचं व्हीपीएन कधी कधी कुरकुरतं. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, पण चॅनेल वेगळे द्या, २.४ वर एकाला १ आणि दुसऱ्याला ११. फोन घेऊन खाली-वर फिरलात तरी तो बहुतेक वेळा आपोआप जवळचा धरेल. आणि लॅपटॉपला वायर लावता येत असेल तर जरूर लावा. मीटिंगसाठी वायरला तोड नाही.

रिपीटर घेऊ का, असं पुढे विचाराल म्हणून आताच सांगतो. साधा रिपीटर एकाच कानाने ऐकतो आणि त्याच तोंडाने पुढे सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो आणि उत्तराला उशीर लागतो. मेशचे दोन-तीन डब्यांचे संच त्याहून चांगले, पण वायर न जोडता लावले तर त्यांनाही एकमेकांशी चिऱ्यातूनच बोलायचं असतं. वायर एकदा टाकली की भिंतीचा प्रश्नच उरत नाही.

वायर टाकायला कौलारू घर फार सोयीचं. ओटीच्या वरून, वाशांच्या कडेने माळ्यावर नेता येते, भिंत फोडावी लागत नाही. कॅट६ दर्जाची घ्या आणि शुद्ध तांब्याची घ्या. स्वस्त वायर ॲल्युमिनिअमची असते, वर तांब्याचा नुसता मुलामा. ब्लेडने तार खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा. आपल्या दमट, खाऱ्या हवेत ती दोन पावसाळ्यांत जोडाशी तुटते. वायर मोकळी सोडू नका, पीव्हीसी पाइपमधून न्या, कारण कौलांखाली उंदीर असतातच आणि त्यांना वायरीचं वेष्टण आवडतं. भिंतीवरच्या जोडाजवळ वर्षातून एकदा बघा. पितळी कड्यांवर हिरवट चढलं असेल तर नवा कनेक्टर लावून घ्या, दहा रुपयांचं काम आहे.

आता तुमच्या प्रश्नातल्या ‘दुपारच्या’ या शब्दाकडे येतो, तो मला सगळ्यांत जास्त खुणावतो. तुमची ओटी पश्चिमेला आहे का? दुपारनंतरचं ऊन दाराशेजारच्या भिंतीवर येतं का? घरगुती राउटर साधारण चाळीस अंशांपर्यंतच्या हवेत चालावेत असे बनवलेले असतात. तापलेल्या भिंतीला चिकटलेल्या, वर कापडाने झाकलेल्या डब्याच्या आत कितीतरी जास्त तापमान होतं आणि तो मधेच अडकतो किंवा स्वतःहून पुन्हा सुरू होतो. ‘दोन-तीन मिनिटं सगळंच जातं’ असं तुम्ही लिहिलंय, आणि डबा बंद होऊन परत सुरू व्हायला नेमका एवढाच वेळ लागतो. पुढच्या वेळी तुटलं की माळ्यावरून धावत खाली जा आणि दिवे बघा. सगळे विझून एकेक करत पेटत असतील तर डबा रीस्टार्ट होतोय. मग कारण ऊन असेल किंवा वीज.

विजेबद्दल मी सगळ्यांना सांगून थकत नाही. राउटरपेक्षा त्याचा अडॅप्टर आधी मरतो, आणि एकदम मरत नाही, हळूहळू मरतो. सावर्ड्याकडच्या एका निवृत्त मास्तरांकडे राउटर दिवसातून सात-आठ वेळा बंद पडायचा. अडॅप्टर काढून मीटरने मोजला तर बरोबर बारा व्होल्ट. पण राउटरला जोडलेला असताना मोजला तेव्हा साडेनऊ. आतला कपॅसिटर सुकला होता. तीनशे रुपयांचा नवा अडॅप्टर लावला आणि नवा राउटर घ्यायची गरजच उरली नाही. अडॅप्टर घेताना व्होल्ट नेमके तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आहे का ते बघा.

तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल तरी वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणभराच्या फटीत राउटर रीस्टार्ट होतो. त्यावर उपाय म्हणजे राउटरचा छोटा यूपीएस. अडॅप्टर आणि राउटर यांच्यामधे तो बसतो, क्षणाचीही फट पडू देत नाही आणि वीज नसताना काही तास चालवतो. डब्याला एक आणि माळ्यावरच्या राउटरला एक असे दोन लागतील, कारण एक जरी बंद पडला तरी मीटिंग तुटणारच. बजेट तंग असेल तर मी म्हणेन, राउटर एक पायरी खालचा घ्या, पण यूपीएस सोडू नका. आपल्याकडच्या विजेत भरवसा तिथूनच येतो.

आकाशातल्या विजेचंही सांगतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात दर वर्षी माझ्याकडे जळलेले राउटर येतात. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही. पण खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या फायबरच्या सोबत आधाराला पोलादी तार असते. ती घराबाहेरच कापून हुकाला बांधलेली आहे ना, आत डब्यापर्यंत आलेली नाही ना, ते बघून घ्या. शेजारच्या घराला किंवा गोठ्यातल्या कॅमेऱ्याला उघड्यावरून तांब्याची वायर नेली असेल तर वीज कडाडायला लागली की ती काढा. अडॅप्टरही प्लगमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. घराचं अर्थिंग किती जुनं आहे ते वायरमनला एकदा तपासायला सांगा.

जागेबद्दल शेवटचं. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर मी खालच्या मजल्यावरचा कुठलाही डबा डोक्याच्या उंचीखाली लावलेला नाही. तुमचं घर नदीपासून लांब असेल, तरी उंचावर लावलेला डबा वायफायलाही बरा आणि मुंग्यांपासूनही लांब. मुंग्या उबेला येतात, डब्याच्या जाळीतून आत घर करतात. महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने जाळी साफ करा, आत औषध मारू नका.

खर्चाचा क्रम मी असा लावेन: आधी डबा उन्हातून हलवणं आणि अडॅप्टर तपासणं, त्याला जवळजवळ काही लागत नाही. मग वायर आणि पाइप. मग यूपीएस. राउटर सगळ्यांत शेवटी. पहिल्या पायरीनंतर आठवडाभर थांबून बघा, कदाचित पुढचा खर्च पावसाळ्यापर्यंत लांबवता येईल. आणि वायर टाकाल तेव्हा पाइप थोडा मोठा घ्या, एक इंची, आत वायरीसोबत नायलॉनची एक दोरी सोडून ठेवा. पुढे कधी फायबरच माळ्यावर न्यायचं ठरलं तर दोरीला बांधून ओढता येईल, कौलं पुन्हा उतरवायला लागणार नाहीत.